देवमासे किनाऱ्यावर का येतात?

दिवाळीची सुटी लागली की नाशिकसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरांतील अनेक कुटुंबे कोकणची वाट धरतात. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला गेलेल्या पर्यटकांना मात्र समुद्राचे एक अनपेक्षित रूप पाहावे लागले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, १३ नोव्हेंबरला, देवमाशाचे एक पिल्लू तेथील पुळणीवर येऊन अडकले. वनविभाग, तटरक्षक दल, पोलीस आणि ग्रामस्थ त्याच्या सुटकेसाठी धावले. त्याची कातडी ओली ठेवण्यासाठी पाणी शिंपडले गेले, ओली कापडे अंथरली गेली. सुमारे चाळीस तासांच्या धडपडीनंतर बोटीच्या साहाय्याने त्याला खोल पाण्यात नेण्यात यश आले. या वार्तेने अनेकांना हायसे वाटले. पण पिल्लू वाचले नाही. थोड्याच अवधीत ते पुन्हा किनाऱ्याला लागले आणि मरण पावले.

इतकी माणसे राबली, समुद्रही परत मिळाला, तरीही पिल्लू का दगावले? आणि मुळात अथांग समुद्र सोडून असे प्राणी किनाऱ्याकडे येतातच का? अशा प्रसंगी 'देवमाशाची आत्महत्या' असा शब्दप्रयोग सर्रास होतो. मात्र देवमासे जीव देण्यासाठी किनाऱ्यावर येतात, याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. त्यांच्या मरणामागे आजार, अपघात, भूगोल, माणसाचा उपद्रव आणि कित्येकदा त्यांची आपसांतील घट्ट नाती असतात.

नावात मासा, प्रत्यक्षात सस्तन

देवमासा हा मासा नव्हे, हे शाळेत शिकवले जाते. पण किनाऱ्यावरच्या शोकांतिकेचे मूळ याच वस्तुस्थितीत दडलेले आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालणारे, खूर असलेले प्राणी होते. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरातून भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांत 'इंडोहायस' या छोट्या, हरणासारख्या प्राण्याचे जीवाश्म मिळाले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी देवमाशांच्या पूर्वजांचा अगदी जवळचा नातलग असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. कच्छमध्येही आद्य देवमाशांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणजे देवमाशांच्या कुळाने जमीन सोडून समुद्राचा आश्रय घेतला, तो भारतीय उपखंडाच्याच किनाऱ्यांवर.

या स्थलांतरात फुप्फुसे तशीच राहिली, पण शरीर मात्र पाण्याच्या आधारावर विसंबून वाढत गेले. त्यामुळे वाळूत अडकलेला देवमासा माशासारखा हवेत गुदमरून मरत नाही. श्वास तर तो हवेतूनच घेतो. त्याला मारते ते त्याचे स्वतःचे वजन. पाण्यात तरंगताना न जाणवणारा कित्येक टनांचा भार जमिनीवर छातीवर आणि फुप्फुसांवर येतो व प्रत्येक श्वास कष्टाचा होतो. दबलेल्या स्नायूंचा नाश होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. थंड पाण्यात ऊब टिकवणारा चरबीचा जाड थर उन्हात शत्रू ठरतो. शरीरातील उष्णता बाहेर पडू शकत नाही. एखादा प्राणी कुशीवर कलंडलेला असेल, तर भरतीचे पाणी डोक्यावरील श्वासरंध्रात शिरून तो बुडूनही मरू शकतो. म्हणूनच वरकरणी सुखरूप दिसणारा देवमासा पाण्यात परत गेला, तरी काही तासांत वा दिवसांत दगावण्याची शक्यता राहते.

गणपतीपुळ्याच्या पिल्लाबाबत आणखी एक अडचण होती. निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतःच सुमारे सात मीटर लांब असते आणि कित्येक महिने आईच्या दुधावर वाढते. माणसाच्या नजरेला प्रचंड वाटणारा असा जीव प्रत्यक्षात तान्हा असतो. आईपासून ताटातूट झालेल्या अशा पिल्लाला समुद्रात लोटणे म्हणजे त्याची सुटका नव्हे. तेथे त्याच्यासाठी अन्नही नसते आणि आधारही नसतो.

मेलेले आणि मरणपंथाला लागलेले

आपल्या किनाऱ्यावर सापडणारे बहुसंख्य देवमासे मेलेले असतात. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या जुहू चौपाटीवर ब्रायडीज देवमाशाचा अजस्त्र मृतदेह आला, तेव्हा तो पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटली होती. समुद्रात मेलेल्या देवमाशाच्या शरीरात कुजण्याच्या क्रियेमुळे वायू साठतात, मृतदेह तरंगू लागतो आणि वारा व प्रवाह नेतील तिकडे जातो. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकण किनाऱ्याकडेच वाहत असल्याने पावसाळ्यात असे मृतदेह किनाऱ्याला लागण्यास अनुकूल स्थिती असते. मृत्यू कोठे आणि कशाने झाला, हे अशा वेळी शवविच्छेदनाखेरीज कळत नाही.

दुसरा गट आजारी, जखमी वा दुबळ्या प्राण्यांचा. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा देवमासा जिवंत स्थितीत आला. तो निळा देवमासा असल्याची नोंद झाली. ग्रामस्थांनी आणि वनविभागाने त्याला खोल पाण्यात ढकलण्याचा प्रयत्न केला. पण काही तासांतच त्याने प्राण सोडला. जहाजाची धडक, जाळ्यात अडकल्याने झालेल्या जखमा, परजीवींचा प्रादुर्भाव, उपासमार यांपैकी कोणत्याही कारणाने खचलेला प्राणी पोहत राहण्याची ताकद गमावतो. वर येऊन श्वास घेणेही त्याला जड जाते आणि उथळ पाण्याच्या आश्रयाला येण्याचा प्रयत्न त्याच्या जिवावर बेततो.

त्याच वर्षी सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळ्या देवमाशाची मादी आणि तिचे पिल्लू पोहताना आढळले होते. महाराष्ट्राचा समुद्र हा देवमाशांचा केवळ मृत्युमार्ग नाही, तर त्यांचा वावर असलेला अधिवास आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. किनाऱ्यावर आलेला प्रत्येक देवमासा वाट चुकून दूरदेशीहून आला, असे समजण्याचे कारण नाही.

किनाऱ्याचा सापळा

धडधाकट प्राणीही अडकतात, तेव्हा किनाऱ्याची रचना महत्त्वाची ठरते. दात असलेले देवमासे आणि डॉल्फिन आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून परिसराचा अंदाज घेतात. कड्यासारख्या किनाऱ्यावरून प्रतिध्वनी स्पष्ट परततो. पण मंद उताराच्या वाळूवरून तो विखुरतो. लाटांनी ढवळलेला गाळ आणि हवेचे बुडबुडे त्यात भर घालतात. पुढे किनारा आहे, हे प्राण्याला कळेपर्यंत पोट वाळूला लागलेले असते. त्यात ओहोटी सुरू झाली की परतीचा मार्ग बंद. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीला पाणी तितकेच दूर जाते. अशा दिवसांत किनाऱ्यालगत आलेला प्राणी कोरड्या वाळूत अडकण्याचा धोका अधिक असतो. गणपतीपुळ्याची घटनाही आश्विन अमावास्येच्याच सुमारास घडली, हा केवळ योगायोग असू शकतो. पण सुटकेच्या कामात भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागते, ते याच कारणासाठी.

दिशाज्ञानाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. नाशिकच्या परिसरातील डोंगर ज्या बसाल्ट खडकाचे आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तयार झाला. थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजांनी तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जणू टिपून ठेवली. समुद्रतळाच्या बसाल्टमध्येही अशा नोंदी आहेत आणि त्यामुळे तेथील चुंबकीय तीव्रता ठिकठिकाणी कमीजास्त होते. काही देवमासे या चढउतारांचा वाटाड्या म्हणून उपयोग करीत असावेत, असा एक विचार आहे. कमी तीव्रतेचे पट्टे जेथे किनाऱ्याला भिडतात, तेथे जिवंत देवमासे अडकण्याचे प्रमाण अधिक असल्याचे १९८० च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेतील अभ्यासांत दिसले. न्यूझीलंडमधील अभ्यासात मात्र असा संबंध आढळला नाही. सूर्यावरील उलथापालथीमुळे रेडिओ लहरींचा गोंगाट वाढलेला असतो, त्या दिवशी धडधाकट ग्रे व्हेल किनाऱ्याला लागण्याची शक्यता चौपटीहून अधिक असते, असे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोंदींच्या आधारे २०२० मध्ये मांडण्यात आले. हा दुवा महत्त्वाचा असला, तरी प्रत्येक घटनेचे उत्तर त्यात शोधता येणार नाही.

माणसाने निर्माण केलेल्या गोंगाटाबद्दल मात्र पुरावा अधिक ठोस आहे. मार्च २००० मध्ये बहामा बेटांच्या किनाऱ्यावर एकूण १७ देवमासे आणि डॉल्फिनवर्गीय प्राणी येऊन अडकले. त्यांत चोचीच्या देवमाशांची संख्या मोठी होती. अमेरिकी नौदलाच्या सोनार यंत्रणेचा या घटनेशी संबंध असल्याचे अधिकृत चौकशीत मान्य करण्यात आले. २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदल सरावाच्या वेळी असेच १४ देवमासे किनाऱ्याला लागले. त्यांच्या अवयवांत वायूचे बुडबुडे आढळले. घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांना होणाऱ्या विकाराशी त्यांचे साम्य होते. आवाजाने भेदरलेल्या प्राण्यांनी बुडी मारण्याची नेहमीची पद्धत सोडल्याचा तो परिणाम असावा. स्पेनने २००४ मध्ये त्या परिसरात अशा सोनारवर बंदी घातल्यानंतर तेथे तशा सामूहिक घटना थांबल्या. कारण नेमके कळले, तर उपाय करता येतो, याचे हे उत्तम उदाहरण.

नात्यांचे ओझे

एखादा आजारी प्राणी किनाऱ्याला लागणे समजण्यासारखे आहे. पण कळपच्या कळप का येतात? ११ जानेवारी २०१६ रोजी तमिळनाडूतील तिरुचेंदूरजवळच्या किनाऱ्यावर ८० हून अधिक पायलट व्हेल येऊन पडले. मच्छीमारांनी रात्रभर त्यांना समुद्रात लोटले. त्यांतील अनेक पुन्हा वळून किनाऱ्यावर आले आणि निम्म्याहून अधिक मरण पावले. विशेष म्हणजे याच किनाऱ्यावर जानेवारी १९७३ मध्येही १४७ पायलट व्हेल अडकले होते. समुद्रात सोडलेला प्राणी किनाऱ्याकडे का वळतो, याचे उत्तर या जातीच्या समाजव्यवस्थेत आहे. पायलट व्हेलचे कळप घट्ट बांधलेले असतात. एक जण संकटात सापडला की त्याचा आक्रोश ऐकून इतर त्याला सोडून जात नाहीत. आप्त वाळूत तडफडत असताना मोकळा झालेला प्राणी मागे फिरतो.

या नात्यांचे स्वरूप सर्वाधिक तपशिलाने अभ्यासले गेले आहे ते किलर व्हेल अर्थात ऑर्काच्या बाबतीत. काळ्या-पांढऱ्या रंगाचा हा प्राणी वस्तुतः देवमासाही नव्हे; डॉल्फिन कुळातील तो सर्वांत मोठा सदस्य आहे. नराची लांबी सहा ते आठ मीटर, म्हणजे एसटीच्या बसपेक्षा काहीशी कमी, आणि वजन सहा टनांच्या घरात जाते. नराच्या पाठीवरचा उभा कल्ला माणसाच्या उंचीइतका, जवळपास १.८ मीटर असतो. हे प्राणी टोळीने मोठ्या देवमाशांचीही शिकार करतात. ते पाहून जुन्या दर्यावर्दींनी त्यांना देवमाशांचे मारेकरी म्हटले आणि पुढे त्याचेच 'मारेकरी देवमासा' झाले. खुल्या समुद्रात ऑर्काने माणसाचा बळी घेतल्याची विश्वसनीय नोंद नाही. भारतीय समुद्रात तो क्वचितच, पण अंदमान, लक्षद्वीप आणि शेजारच्या श्रीलंकेच्या परिसरात दिसत आला आहे.

ऑर्काचे कुटुंब मातृप्रधान असते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षभर वावरणाऱ्या, मासे खाणाऱ्या ऑर्कांमध्ये मुलगे आणि मुली आयुष्यभर आईसोबतच राहतात. प्रत्येक कुटुंबसमूहाची स्वतःची बोली असते. पिल्ले ती मोठ्यांकडून शिकतात. आहाराच्या सवयीही अशाच पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. त्याच समुद्रात राहणारा दुसरा गट सील आणि डॉल्फिनची शिकार करतो, माशांकडे ढुंकूनही पाहत नाही आणि पहिल्या गटाशी सोयरीकही करीत नाही.

मादीचा गर्भकाळ सुमारे १७ महिन्यांचा असतो. चाळिशीच्या आसपास तिचे प्रजनन थांबते. मात्र त्यानंतरही ती कित्येक दशके जगू शकते. रजोनिवृत्तीनंतरचे असे दीर्घ आयुष्य सस्तन प्राण्यांत अत्यंत दुर्मीळ आहे. सामनसारख्या माशांचा तुटवडा पडतो, त्या वर्षी या वृद्ध माद्याच कळपाच्या पुढे राहून त्याला अन्नाकडे नेतात, असे २०१५ च्या संशोधनात आढळले. त्याआधी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, आईच्या मृत्यूनंतरच्या वर्षात तिशी ओलांडलेल्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे चौदा पटींनी वाढतो. २०१८ मध्ये जे-३५ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मादीने आपले मेलेले पिल्लू सतरा दिवस डोक्यावर वाहून नेले, तेव्हा साऱ्या जगाचे डोळे पाणावले होते.

दीर्घायुषी आजीबाईंची ही व्यवस्था आखूड कल्ल्यांच्या पायलट व्हेलमध्ये आणि फॉल्स किलर व्हेलमध्येही आहे. कळपाने किनाऱ्यावर अडकणाऱ्या जातींत नेमक्या याच दोघांची नावे वारंवार येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये टास्मानियाच्या दुर्गम किनाऱ्यावर १५७ फॉल्स किलर व्हेल अडकले. त्यांना समुद्रात परतवण्याचे प्रयत्न फसल्यानंतर जिवंत उरलेल्यांना दयामरण देण्याचा कठोर निर्णय तेथील यंत्रणेला घ्यावा लागला. समुद्रात ज्या एकीमुळे कळप तगतो, तीच एकी उथळ पाण्यात साऱ्या कळपाचा घात करते.

ऑर्काचेच एक उदाहरण या कोड्याची दुसरी बाजू दाखवते. अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर काही ऑर्का लाटेवर स्वार होऊन मुद्दाम किनाऱ्यावर झेपावतात, समुद्रसिंहाचे पिल्लू जबड्यात धरतात आणि शरीराला हिसके देत पुढच्या लाटेबरोबर परत जातात. हे कसब उपजत नाही. मोठ्या माद्यांच्या सोबतीने पिल्ले ते वर्षानुवर्षे शिकतात. जो किनारा अनोळखी प्राण्याचा सापळा ठरतो, तोच माहितगाराचे शिकारीचे मैदान बनतो.

किनाऱ्यावरच्या माणसांनी काय करावे?

अशा वेळी काय करू नये, हे आधी समजून घेणे गरजेचे आहे. शेपटीला दोर बांधून ओढल्यास मणक्याला इजा होऊ शकते. डोक्यावरील श्वासरंध्रात पाणी किंवा वाळू जाता कामा नये. गर्दी, आरडाओरड आणि छायाचित्रांसाठीची झुंबड यांमुळे प्राण्याची घालमेल वाढते. शेपटीचा एक फटका माणसाला जायबंदी करू शकतो आणि मृत प्राण्याला स्पर्श केल्यास रोगसंसर्गाचा धोका असतो.

करण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे तातडीने खबर देणे. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांकडे ठिकाण, प्राण्याची अंदाजे लांबी आणि तो श्वास घेत आहे की नाही, एवढे सांगितले तरी मोलाचा वेळ वाचतो. मदत पोहोचेपर्यंत श्वासरंध्र मोकळे ठेवून अंगावर ओली कापडे घालावीत, शक्य असल्यास सावली करावी आणि लोकांना दूर ठेवावे. जुलै २०२१ मध्ये अलास्कात खडकांत अडकलेल्या एका ऑर्कावर बोटीतील लोकांनी काही तास समुद्राचे पाणी मारले. भरती येताच तो आपोआप मोकळा झाला. धडधाकट प्राण्याला अनेकदा माणसाच्या बळापेक्षा भरतीचीच प्रतीक्षा असते. आजारी प्राणी वा तान्हे पिल्लू असेल, तर पुढे काय करायचे, हा निर्णय पशुवैद्यकांवर सोपवणेच शहाणपणाचे.

भारतात सर्व देवमाशांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांच्या शरीराचा कोणताही भाग घरी नेणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. जाळ्यात अडकलेल्या संरक्षित सागरी प्राण्यांची जाळे कापून सुटका करणाऱ्या मच्छीमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत ती राबवली गेली. जाळे हे कोळ्याचे भांडवल असते; ते कापण्याची किंमत त्याने एकट्याने सोसावी, ही अपेक्षा अन्यायाची होती. ही योजना म्हणूनच कागदी आवाहनांपेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

वाळूवर आलेला देवमासा वाचेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. गणपतीपुळ्याच्या पिल्लासाठी राबलेल्या हातांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मात्र अशा प्राण्याचे भवितव्य बहुतेकदा तो किनाऱ्याला लागण्याआधीच, जहाजांच्या मार्गावर, जाळ्यांच्या फासात आणि गोंगाटाने भरलेल्या पाण्यात ठरलेले असते. किनाऱ्यावरची धावपळ हा शेवटचा उपाय आहे. खरे रक्षण व्हायचे असेल, तर ते समुद्रात, माणसांच्या नजरेआड व्हावे लागेल.